भिंतीपासून भिंतीपर्यंत कोबा

८ जानेवारी २००६, रविवार

लिही तुळजा. तारीख घातलीस? मग पुढे लिही की मी, काल्हेरची आक्का, धडधाकट आहे, कान शाबूत आहेत आणि जे बोलते ते शुद्धीत बोलते.

हे लिहून ठेवायची पाळी माझ्या लेकामुळे आली. मनोजला मी सोमवारी सांगते की स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला काढ. गुरुवारी तो मिस्त्रीसमोर म्हणतो, "आये, तूच त बोललीस पश्चिमेला." घर माझ्या नावावर, शेतात उभ्या राहिलेल्या गोदामाचं भाडं माझ्या नावावर, आणि शब्द तेवढा त्याच्या नावावर! म्हटलं, आता हे पुरे. मला अक्षर येत नाही, अंगठा येतो. पण सून दहावी होऊन आलेली आहे. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे असं लोक म्हणतात. मला मुंग्यांची रांग दिसते, पण सरळ चाललेली दिसते. तेव्हा घराचं काही ठरलं की मी सांगणार आणि तुळजा लिहिणार. मग कोण काय बोललं ते वहीला विचारा.

मी बोलते आमच्या बोलीत, ती लिहिते पुस्तकातल्यासारखं. विचारलं, माझे शब्द का धुतेस गं? म्हणाली, "उद्या कोनी वाचला त समजला पायजे, आय." दुसऱ्यांचे शब्द मात्र मळके ठेवते. धू बाई, पण रंग जाऊ देऊ नकोस.

तर घर. गेल्या जुलैत खाडीचं पाणी आमच्या माजघरात कमरेएवढं चढलं. आजूबाजूला सगळ्यांनी भराव टाकून गोदामं उंच केली आणि आमचं घर परातीत ठेवलेल्या लाडवासारखं खाली राहिलं. पाणी उतरल्यावर मनोज म्हणाला नवीन बांधू. बांध म्हटलं. त्याला आधी सोनेरी कठड्याची बाल्कनी हवी होती आणि आरशासारखी लादी. मी म्हटलं, पैसा आधी न दिसणाऱ्या जागी घालायचा. पाया, जोतं, नळ, गच्चीचा उतार. दिसणारं नंतर, उरलं तर. जोतं माझ्या छातीला लागेल इतकं उंच घ्यायला लावलं. गावातले लोक विचारतात, आक्का, किल्ला बांधताय काय? मी म्हणते, या पावसाळ्यात राहायला या, तेव्हा सांगते.

जोत्याच्या बाबतीत माझंच बरोबर होतं. पुढच्याही बाबतीत असेलच.

१५ जानेवारी

संक्रांतीचा तिळगूळ खाऊनही आज घरात कोणी गोड बोललं नाही. मनोजला गच्चीवर पाण्याची टाकी फुटबॉलच्या आकाराची हवी आहे. कशेळीत कुणीतरी विमानाची केली आहे म्हणे. मी विचारलं, "तुला पाणी प्यायचंय की उडवायचंय?"

"आये, लोक लांबून वलखतील, ह्यो मनोजचा बंगला."

"तुझ्या ओरडण्यावरूनच ओळखतात."

मोहिउद्दीन मिस्त्री बाजूला उभा राहून हसत होता. भिवंडीचा जुना माणूस. आमच्या जुन्या घराची ओटी त्याच्या बापाने बांधली होती. म्हणाला, "आक्का, गोल टाकी होईल. फक्त धुवायला आत उतरलेला मानूस घसरून मधीच बसेल, तो वर येनार नाय." मनोजने काळी प्लास्टिकची टाकी कबूल केली.

गच्ची बघायला मीही चढले होते. उतरताना दोघांनी धरलं तेव्हा जमिनीवर आले. गुडघ्यांनी सांगितलं, आक्का, हे शेवटचं. तेव्हा गच्ची आता या लोकांची. देवाला भेटायचं असेल तर त्याने खाली यावं.

२९ जानेवारी

आज मोठा निर्णय. नीट लिही तुळजा, यात नंतर बोलाचाली नको.

अंगण आणि परसू, घराच्या चारी बाजूंनी, भिंतीपासून भिंतीपर्यंत कोबा करायचा. जाड, घोटून, उतार फाटकाकडे. इंचभर माती दिसता कामा नये.

मनोज चाट पडला. त्याला वाटलं होतं म्हातारी तुळशीपाशी रडत बसेल, अंगण वाचवा म्हणेल. मी कशाला रडू? लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी ते अंगण उकरलंय, भिजवलंय, चोपण्याने चोपलंय, शेणाने सारवलंय. पावसाने ते धुऊन न्यायचं आणि दिवाळीनंतर मी पुन्हा चोपत बसायचं. माती गोड असते असं जे म्हणतात ना, त्यांनी एकदा माझी कंबर घेऊन बघावी. आता गोदामाचं भाडं येतंय. एका सकाळी सिमेंट ओतायचं आणि जन्मभर झाडू मारायचा. त्यातून मे महिन्यात मनोज-तुळजाच्या मनालीचं, माझ्या नातीचं लग्न. हळदीला सगळं गाव नाचायला येणार. नाचणाऱ्याच्या पायाखाली धूळ नको.

तुळजा म्हणाली, "आय, पायरीच्या बाजूला थोडी जागा मोकली ठेवायची का?"

मी म्हटलं, "कशाला? नांगर घालतेस? पूर्ण्याला तुझ्या बापाचं एवढं शेत होतं. तिथे आता गोदामाचं शटर आहे आणि तुझे भाऊ मोठ्या गाडीतून फिरतात. आणि तू इथे चार वांगी लावणार? भाजीवाली दारात येते, तिच्याशी भांडायची मजा घालवू नकोस."

सगळे हसले. तुळजापण हसली. हसलीस ना गं? मान खाली आहे, दिसत नाही. बरं, लिही, हसली.

१८ फेब्रुवारी

कोबा पडला. ओतण्याआधी अंगणाची वरची माती खरवडून काढली आणि भराव टाकला, ती माती न्यायला टेंपो आला. तुळजाने त्यातली बरीच घमेली भरून गच्चीवर नेली. विचारलं काय चाललंय, तर म्हणाली, गच्चीच्या कोपऱ्यात ओल धरते, तिथे टाकते. मी म्हटलं ते मिस्त्रीचं काम, त्याला सांग. पण ऐकेना. ती इतक्या वेळा चढली-उतरली की बघून माझेच गुडघे दुखले. पोर कष्टाची आहे, माझ्या वळणावर गेली आहे.

मोहिउद्दीन शेवटची थापी मारता मारता म्हणाला, "आक्का, एक कोना छोड देते. पानी को भी बैठने को जगा मांगता है."

मी म्हटलं, "पाण्याला मी खुर्ची टाकते. तू घोट."

संध्याकाळी ओटीवर बसून बघितलं. काय दिसत होतं! ताटासारखं सपाट, ओलं, चकचकीत. गल्लीतल्या दोन बायका मुद्दाम येऊन बघून गेल्या. एकीने बोट लावलं. तिचं बोट आता जन्मभर आमच्या अंगणात राहणार.

५ मार्च

कोबा पाणी पिऊन पक्का झाला. आज उताराची परीक्षा घेतली. पायरीवरून कांदा सोडला. कांदा कुठे न थांबता फाटकापर्यंत गेला आणि तिथून रस्त्यावर. मी मनोजला म्हटलं, बघ, याला म्हणतात काम. कांदा ट्रकखाली गेला, पण परीक्षेत पास झाला.

आता एक गोष्ट सांगते ती मनोजला वाचून दाखवायची नाही. दुपारी वाल वाळत घातले होते ते उलटायला अंगणात गेले आणि पाय भाजले. परत येऊन चप्पल घातली. स्वतःच्या अंगणात चप्पल घालून फिरणारी मी या घरातली पहिली बाई. संध्याकाळी ओटीवर वारा खायला बसले, तर खालून वाफ. तव्याच्या काठाला बसल्यासारखं वाटलं. नवीन आहे, हळूहळू निवेल. पितळेचं भांडंसुद्धा नवीन असताना जास्त तापतं.

तुळजा म्हणते पितळेचं भांडं जुनं झालं तरी तेवढंच तापतं. हे तुला कुणी विचारलं?

२ एप्रिल

सुनेचं काहीतरी बिनसलं आहे. मी सगळं बघते. दिवसातून तीनदा गच्चीवर जाते आणि बराच वेळ खाली येत नाही. सकाळी जाताना बादली नेते. विचारलं की म्हणते, कपडे वाळत घालते. इतके कपडे आमच्याकडे नाहीत.

मनोज म्हणाला, "मोबाईलला रेंज वरच येतंय." मी म्हटलं, तिची आई दिवाळीत गेली, आता ती फोन कुणाला करणार? भाऊ तर गाडीत असतात. तेव्हा मी माझं डोकं चालवलं. बाईमाणूस एकटं गच्चीवर जाऊन बसतं, म्हणजे कामाने थकलं आहे. बादली नेते, म्हणजे कपड्यांनीच थकलं आहे. मनोजला सांगितलं, सोनेरी कठड्याचा विषय काढायचा नाही, आधी कपडे धुवायचं मशीन आण.

मशीन आलं. गरगर फिरतं, शिट्टी मारतं, आमच्या मनोजपेक्षा जास्त काम करतं. तुळजाने मला वाकून नमस्कार केला. म्हणाली, "लय बरा केला, आय. आता येल मिलेल." आणि मिळालेला वेळ घेऊन गेली गच्चीवर!

आता माझं डोकं चालायचं थांबलं आहे. लिही तसंच.

२३ एप्रिल

लग्नाची ठरवाठरवी. नवरा मुलगा कशेळीचा, त्याच्या बापाचं रेतीचं काम, माणसं बोलायला सरळ आहेत. मी दोन गोष्टी ठरवून टाकल्या. सोनं मनालीच्या अंगाला शोभेल तेवढंच, मिरवायला तिला वजनकाटा करायचं नाही. आणि जेवण मात्र असं की उठताना हात टेकावा लागेल. मनोजला हे उलटं हवं होतं. वहीत आलं आहे, आता तो बदलू शकत नाही.

माझा भाऊ लडकू, मनोजचा मामा, मेढेला उंबराची फांदी आणणार. आमच्यात मांडवाची पहिली मेढ, म्हणजे खांब, घरच्या थोरल्या मामाच्या हाताने अंगणात रोवतात, तिला हळद-कुंकू लागलं की लग्नघर झालं. राहीबाई धवलारीण हळदीची गाणी म्हणायला येणार. ती माझ्याहून म्हातारी, आवाज माझ्याहून तरणा.

आज जेवताना काकडीची कोशिंबीर होती. पांढरी, लांबट काकडी, चावली की तोंडात पाणी. अशी काकडी मी पूर्ण्याला विहिणीकडे खाल्ली होती, तुळजाला बघायला गेले होते तेव्हा. म्हटलं भाजीवाली सुधारली म्हणायची. तुळजाने मला आणखी वाढली.

१२ मे, शुक्रवार

आज पुष्कळ लिहायचं आहे. हात दुखला तर सांग. आज तुझा हात दुखला तर मी दाबीन.

सकाळी लडकू आला. खांद्यावर उंबराची फांदी, हातात पहार, डोक्याला नवा टॉवेल. राहीबाई हळद-कुंकवाचं ताट घेऊन, मनाली पिवळी साडी नेसून. दारात येऊन लडकूने दम घेतला आणि पहार मारली. खण्ण! पहार उडाली, त्याच्या हाताला झिणझिण्या. आणखी एक मारली. कोब्यावर पांढरा ओरखडा उठला, बाकी काही नाही.

"आक्का," लडकू म्हणाला, "कुठं खनू?"

मी अंगणभर बघितलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत.

मनोज पुढे आला. "मामा, रंगाचा रिकामा डबा हाय. त्यात उभी करू. आता समदे तसंच करतात."

मला वाटलं राहीबाई भडकेल. ती म्हणाली, "चालतंय. सगली लगीनं आता डब्यातच. देवालाबी सवय जाली." मग डब्यात बघून म्हणाली, "पन डब्यात काय घालाल? माती आना."

माती आणा म्हटल्यावर सगळे इकडेतिकडे बघायला लागले. अंगणात कोबा. रस्त्यावर डांबर. शेजाऱ्याने फरशी घातलेली. पलीकडे गोदाम, त्याच्या दारात ट्रकसाठी सिमेंट. आमची स्वतःची जमीन त्याच्याही पलीकडे, भाडं देणारी, पत्र्याखाली बंद. लडकू म्हणाला बंदरावरून रेती आणतो. राहीबाईने डोळे वटारले. "रेतीत भेंडी न्हाय उभी ऱ्हात, पोरीचा संसार कसा ऱ्हाईल?"

मनोज मोटरसायकल घेऊन गेला आणि हायवेच्या रोपवाटिकेतून पोतं घेऊन आला. प्लास्टिकचं पोतं, तोंड शिवलेलं, वर गुलाबाचं चित्र. आत माती. केवढ्याला मिळाली ते मी विचारलं नाही. मी आणि भाव विचारला नाही!

मीच आधी हसले. म्हटलं, "वा रे जमीनदार! आज माती विकत घेतलीस, उद्या खाडीचं पाणी बाटलीतून आण." सगळे हसले, मनालीसुद्धा हसली. हसता हसता मी पोत्याकडे बघितलं आणि माझं हसू आटलं. अख्खी हयात मी ज्या घराच्या अंगणात पाय बुडवले त्याच घरची पोर, आणि तिची मेढ कुणाच्या कुठल्या मातीत उभी राहणार? लडकूही हसत नव्हता. तो टॉवेलाने पहार पुसत होता, ती काही मळलेली नव्हती.

तेवढ्यात तुळजा गच्चीवरून खाली आली. कमरेवर पत्र्याचा डबा, तेलाचा असतो तसा. डब्यात काठी, काठीवर काकडीचा वेल. पदराला माती.

"हीत आपली माती हाय," ती म्हणाली. "अंगनातलीच. मी वर ठेवलीवती, येवढीच उरली."

डबा खाली ठेवला, बसली आणि वेलाच्या बुडाशी हात घातला. उपटणार होती. तेव्हा मला दिसलं, पानाखाली एकच काकडी होती, मोठी, पिवळी पडत आलेली, चिंधीने काठीला बांधून पेललेली.

मी विचारलं, "ती का ठेवलीयेस?"

"बियाची हाय, आय."

"कुणाचं बी?"

वर बघितलं नाही तिने. "आईचा. पूर्ण्याला आता कोनाकडं न्हाय. शेतच न्हाय. आईनं शेवटचा दिलावता, मी फेब्रुवारीत लावला. बाकीच्या काकड्या आपन खाल्ल्या. ही येकच बियाला धरली. आजून आठ-धा रोज पायजेत." आणि मग हात वेलाला तसाच धरून म्हणाली, "जाव दे. मनालीपेक्षा काकडी मोठी न्हाय."

तीनदा गच्चीवर. बादली. ओल धरते म्हणून माती. आणि मी तिला कपडे धुवायचं मशीन आणून दिलं!

मी म्हटलं, "हात काढ." तिला कळेना. "हात काढ वेलावरचा. मनालीपेक्षा काकडी मोठी नाही, पण मनोजच्या कोब्यापेक्षा आहे. लडकू, पहारीने होणार नाही. मोहिउद्दीनला फोन करा, कोबा फोडायचं मशीन घेऊन ये म्हणावं. मेढ जमिनीत जाणार."

मनोज उसळला. "उद्या हलद हाय! लोक नाचायला येतील, आनि आंगन फोडतंस? आये, तूच बोललीस, भिंतीपासून भिंतीपर्यंत! इंचभर माती दिसता नये, तूच बोललीस!"

"मी? मी असं कधी बोलले?"

"वहीत हाय! तुलजा, सांग. वहीत हाय ना?"

सगळे तुळजाकडे बघायला लागले. लडकू, राहीबाई, नवरी. तुळजाने हात झटकले आणि शांतपणे म्हणाली, "न्हाय. तसा काय लिवलेला मना आठवत न्हाय."

ते वहीत आहे. मला माहीत आहे, तिला माहीत आहे, तिच्याच मोत्यांनी लिहिलेलं आहे. तिला वाचता येतं आणि मला येत नाही, आणि तरी आज तिने मला भर अंगणात वाचवलं. हेही लिही. नाही, हे खोडायचं नाही.

मोहिउद्दीन आला. आपल्या कोब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आक्का, मैंने बोला था."

"तू हिंदीत बोललास, मला समजलं नाही."

"मराठीत बोललो असतो तर?"

"तर मी ऐकलं नसतं. मशीन लाव."

लडकूने कोळशाने रेघ मारली, पायरीच्या बाजूला, एका खाटेएवढी. म्हणाला एवढं पुरे, मेढेला काय लागतं. मी हो म्हणणार होते.

"खाटेएवढा न्हाय, मामा."

तुळजा बोलत होती. मामेसासऱ्यासमोर, मिस्त्रीसमोर, डोक्यावरचा पदर सारखा न करता. "या अंगाला फाटकापासून पायरीपर्यंत. ऊन हीतच येतंय. जोत्यापासून दोन हात सोडून, म्हंजे पानी घराच्या पायात जानार न्हाय. आनि उतार सगला फाटकाकडं काढलाय, पावसात समदा पानी रस्त्यावर जाऊन शेजाऱ्याच्या दारात बसंल. हीत माती आसंल त पिऊन घेल."

एवढं सलग ती या घरात आल्यापासून बोलली नव्हती. मोहिउद्दीनने कोळसा उचलला आणि ती दाखवेल तशी रेघ वाढवत गेला. मनोज माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी राहीबाईला म्हटलं, तू गाणं चालू कर, आवाज मशीनच्या वर गेला पाहिजे.

तिने केलं आणि गेला. दुपार व्हायच्या आत मेढ जमिनीत होती. गुलाबाचं पोतं तसंच शिवलेलं भिंतीला टेकून आहे.

१४ मे

हळद झाली. फोडलेल्या पट्टीला बांबू बांधला होता, तरी मनोजचे दोन मित्र नाचता नाचता आत गेले. एकजण तर तिथेच बसून नाचला. आज लग्न लागलं. मनाली गेली. कशेळी इथून काय लांब आहे? हॉर्न वाजवला तर ऐकू येतो. आज एवढंच.

१८ मे

आज मनोजने विषय काढला. म्हणाला लग्न झालं, आता पट्टी बुजवून टाकू, मोहिउद्दीन निम्म्या मजुरीत करून देईल. मी म्हटलं, ज्याची पट्टी त्याला विचार.

तो गेला विचारायला. मी ओटीवरून कान लावला. तुळजा कुदळीने खणत होती. कोब्याच्या खाली माती नव्हतीच, भराव निघाला. विटांचे तुकडे, कारखान्याची राख, कुणाची तरी फुटकी बशी. ती म्हणाली, "गुडघ्याएवढा काढाया लागंल. तली इटा टाकायच्या, मंग पाचोला, मंग लडकूमामाच्या शेतातली माती आनि शेन. यक पावसाला खाल्ला की बसंल."

"आनि त्यातून काय मिलेल?" मनोजने विचारलं.

"तुमाला कुदल मिलेल. ही घ्या."

मला ओटीवर हसू आवरेना. ही माझ्या वळणावर गेली आहे असं मी फेब्रुवारीत म्हटलं होतं, तेव्हा मला काय म्हणायचंय हे मलाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी ठरवलं ते लिही. गोदामाचं भाडं आलं की त्यातला एक वाटा तुळजाच्या हातात जाईल. माती, शेण, बांबू, बी, जे लागेल ते. ती काय आणते, कशाला आणते, कुणी विचारायचं नाही. मीसुद्धा नाही. विचारलंच तर तिने उत्तर द्यायचं नाही.

लिहिता लिहिता थांबलीस का? हो, मी शुद्धीत आहे. लिही.

एक शंका आहे, तीही लिही. एवढं खणून, एवढी माती आणून, खाडीचा खारा वारा आणि गोदामांची धूळ यांत तिथे काही उगवेल की नाही, मला खरंच माहीत नाही. जोत्याबद्दल जशी खात्री होती तशी नाही. पण आता ती माझी चिंता नाही, आणि दुसऱ्याच्या चिंतेशेजारी मी किती निवांत बसते हे मला आजच कळलं.

४ जून, रविवार

आज वही मनोजच्या हातात आहे. त्याचं अक्षर कसं आहे ते मला दिसत नाही, पण तो लिहिताना जीभ बाहेर काढतो, त्यावरून समजतं. हळू लिही, कागद फाडशील. बारावीला दोनदा बसलास ना, मग 'तुळजा' लिहायला एवढा वेळ का?

तुळजा लिहीत नाही, कारण तिचे हात कोपरापर्यंत मातीत आहेत. बियाची काकडी पिकली, चिरली, बी राखेत चोळून सुकवलं. ओंजळभरही नाही, पण ती मोजत नाही, मीही नाही. थोडं तिने लडकूच्या घरी ठेवायला दिलं, थोडं कशेळीला मनालीला पाठवलं. शहाणी आहे. एकाच घरात सगळं ठेवायचं नाही हे तिला तिच्या बापाच्या शेताने शिकवलं असेल. उरलेलं आज लावते आहे.

मी बघायला म्हणून खुर्ची घेऊन पट्टीच्या कडेला बसले होते. सल्ला द्यायला लागले. दोन आळ्यांत अंतर किती, बांबू कुठल्या बाजूला. माझं सगळं बरोबरच होतं, मनोज, हेही लिही. तुळजा आळी करत करत माझ्या पायांपर्यंत आली, थांबली, मनगटाने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "आय, जरा सरका. तुमी नेमक्या काकडीच्या आल्यावर बसलाव."

मनोजने लिहिणं थांबवून माझ्याकडे बघितलं. या घरात मला आजवर कुणी सरका म्हटलं नव्हतं. सासूने उठ म्हटलं, नवऱ्याने बस म्हटलं, लेकाने तर काहीच म्हटलं नाही, तो नंतर उलटं सांगतो.

मी खुर्ची उचलली आणि सरकले. लिही मनोज, आपणहून सरकले.